चिंगी, चौकातले तिघे आणि पंचवीस पावलं

हे प्रकरण पुण्यातलं, कोथरूडला डहाणूकर कॉलनीच्या बाजूला असलेल्या एका जुन्या तीनमजली सोसायटीतलं. घरात काका-काकू, दोघंही सत्तरीला टेकलेले, आणि त्यांची कुत्री. तिला इथे चिंगी म्हणू. पांढरीशुभ्र, साडेचार वर्षांची, नसबंदी झालेली, वजन 7.4 किलो. घरचे तिला पॉमेरियन म्हणतात. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून घराघरांत जी कुत्री दिसतात ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, चिंगीही तीच. तिच्या हाडापेराला साडेसहा किलो भरपूर होतं. वरचं किलोभर वजन कशाचं, ते पहिल्या फोनमध्येच कळलं.

फोन मुलीचा होता. "ताई, आई हल्ली तिला गच्चीवरच फिरवते. खाली नेलं आणि मोठा कुत्रा दिसला की चिंगी अंगात आल्यासारखी भुंकते. मग आई तिला उचलते, मग तो कुत्रा आईच्या अंगावर उड्या मारतो. परवा आई पडता पडता वाचली."

घाबरणाऱ्या, भुंकणाऱ्या कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवायचं हे काम मी अकरा वर्षं करते आहे. छोट्या कुत्र्यांसाठी येणारा फोन नेहमी उशिरा येतो, आणि बहुतेकदा कुत्र्यासाठी नाही, माणूस पडायला आला म्हणून येतो. तीस किलोचा कुत्रा रस्त्यात असा तुटून पडला तर लोक दुसऱ्याच दिवशी मदत शोधतात. सहा किलोच्या कुत्र्यानं तेच केलं की मोबाइल बाहेर येतो. चिंगीचेही व्हिडिओ होते. घरच्या ग्रुपवर वर्षभर फिरत होते आणि तिला नाव पडलं होतं, झाशीची राणी.

ते व्हिडिओ मी मागवून घेतले आणि आवाज पूर्ण बंद करून पाहिले. एकात सोसायटीचं फाटक आहे आणि पलीकडून एक तपकिरी कुत्रा निवांत चालला आहे. चिंगीचं सगळं वजन मागच्या पायांवर गेलेलं. एरवी पाठीवर झुपक्यासारखी वळलेली तिची शेपटी उलगडून खाली आलेली. ओठांचे कोपरे कानांकडे ओढलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. प्रत्येक भुंकण्याबरोबर ती बोटभर मागे सरकते आहे. आवाज काढून टाकला की त्यात राणी वगैरे कोणी नाही. पट्ट्याला बांधलेली, पळायला जागा नसलेली एक घाबरलेली कुत्री आहे. हे मी काकूंना त्यांच्याच सोफ्यावर बसून दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, मी हसत होते गं हे बघून." त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही.

सुरुवात कुठून झाली

आदल्या दिवाळीत. सोसायटीतलाच एक लॅब्रॅडॉर, वजन चौतीस किलो, स्वभावानं गोड, पार्किंगमध्ये मोकळा सोडलेला होता. चिंगी जिन्यावरून खाली आली तसा तो खेळायला म्हणून धावला, छातीनं तिला उलथवलं आणि वर उभा राहिला. चावला नाही. ओरखडाही नाही. लॅबचे मालक लांबूनच म्हणाले, "काही करत नाही हो तो!" आणि खरंच त्यानं काही केलं नाही. पण पाचपट वजनाचं जनावर अंगावर आल्यावर त्याच्या मनात खेळ आहे की काय आहे, हे ओळखायला चिंगीकडे वेळ कुठे होता? बाहेर फटाके चालू होते. तिनं त्या दोन-तीन सेकंदांत एक गोष्ट शिकून घेतली: मोठा कुत्रा जवळ येऊ द्यायचा नाही.

भुंकल्यावर समोरचा कुत्रा पुढे निघून जातो, किंवा काकू उचलतात. दोन्हींत कुत्रा लांब जातो. म्हणजे चिंगीच्या हिशेबानं भुंकणं दर वेळी लागू पडत होतं. दिवसातून दोनदा, वर्षभर. इतका सराव झालेली गोष्ट रागावून सुटत नाही.

इतिहास विचारताना आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती ऐकून मी खुर्चीतून उठलेच. नऊ दिवसांपूर्वी चिंगीला उचललेलं असताना चौकातल्या एका कुत्र्याचं नख काकूंच्या हाताला लागलं होतं, किंचित रक्त आलं होतं. काकूंनी हळद दाबली होती. बस. रस्त्यावरच्या कुत्र्याचा दात किंवा रक्त काढणारं नख लागलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-मिरची-चुना काहीही लावायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लस सरकारी दवाखान्यात मिळते, आणि रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. नऊ दिवस गेले म्हणून आता काय उपयोग, असं काका म्हणाले. उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते, कारण रेबीजनं एकदा डोकं वर काढलं की इलाज उरत नाही. त्या संध्याकाळी काकांनीच त्यांना नेलं. चिंगीची स्वतःची रेबीजची वार्षिक लसही दोन महिने राहून गेली होती, तीही त्याच आठवड्यात झाली.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत मी काहीच सुचवत नाही. वीस पावलं मागून चालते आणि कुत्र्याइतकंच माणसाच्या हाताकडे बघते.

काकू जिन्यातच लीशचे, म्हणजे फिरवायच्या दोरीचे, दोन वेढे तळहाताला देत होत्या. गळ्यात चामड्याचा बारीक पट्टा. फाटकाबाहेर पाऊल टाकायच्या आधीच त्यांची मान डावी-उजवीकडे फिरायला लागली होती आणि लीश ताणली गेली होती. चिंगीला अजून एकही कुत्रा दिसला नव्हता, तरी गळ्याशी बातमी पोचली होती की काहीतरी येणार आहे. मग कोपऱ्यावर एक कुत्रा दिसला. काकू घाईघाईनं, "चल चल चल चल." लीश आणखी आखूड. चिंगी थांबली, तोंड मिटलं, कान पुढे आले. हे मिटलेलं तोंड महत्त्वाचं. जूनच्या उकाड्यात धापा टाकणारी कुत्री एकदम तोंड मिटते, तेव्हा ती श्वास रोखून बघत असते. त्यानंतर तीन-चार सेकंद मिळतात. त्या सेकंदांत काही केलं तर करता येतं. इथे कोणी काही केलं नाही, आणि भुंकणं सुरू झालं. भुंकता भुंकता मध्येच घशातून हंसासारखा कर्कश खोकला.

तो खोकला ऐकून मी फेरी तिथेच थांबवली. छोट्या जातींमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडण्याचा त्रास होतो, आणि गळ्याला हिसका बसला की असाच खोकला येतो. पशुवैद्यांनी तपासून तेच सांगितलं. त्रास सुरुवातीचा होता, औषध नको, पण गळ्यात ओढ अजिबात नको आणि वजन उतरवा. गुडघ्याच्या वाट्याही त्यांनी पाहिल्या, कारण या अंगलोटाच्या कुत्र्यांच्या वाट्या सरकतात. त्या ठीक होत्या. दुखतंय म्हणून चिडणाऱ्या कुत्र्याला शिकवत बसणं हा अन्याय असतो, म्हणून मी हा टप्पा कधी गाळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक केलं. मोबाइल चिंगीच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण फूटभर धरला आणि तोच रस्ता चित्रित करत गेले. काका-काकूंना तो टीव्हीवर लावून दाखवला. त्या उंचीवरून पार्किंग म्हणजे स्कूटरच्या सायलेन्सरांचं जंगल. समोरून येणारा लॅब पाच पावलांवर आला की चेहरा दिसतच नाही, पडदाभर नुसती छाती आणि पुढचे पाय. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही रोज एवढं बघून परत घरी येते आणि शांत झोपते, हेच विशेष आहे."

मोठा कुत्रा म्हणजे नेमका कोणता

काकूंच्या दृष्टीनं सगळे एकच होते, "ते मोठे." चिंगीच्या दृष्टीनंही. माझं पहिलं काम होतं त्या ढिगातून एकेकाला वेगळं काढणं, कारण प्रत्येकापुढून जायची रीत वेगळी आहे.

चौकातल्या अमृततुल्यापाशी राहणारे तिघे. दोन तपकिरी, एक काळा. तिघांच्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. मी तीन सकाळी तिथे चहा घेत बसले. त्यांची हद्द अगदी रेखलेली होती: एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला विजेची पेटी. हद्दीत अनोळखी कुत्रा आला की काळा उठतो, दोघं मागून येतात, आणि हद्द ओलांडेपर्यंत भुंकत पोचवायला जातात. पेटीच्या पलीकडे एक पाऊल नाही. सकाळी सातच्या सुमारास एक मुलगी त्यांना खायला घालायची आणि त्या अर्ध्या तासात ते सर्वांत तिखट असायचे. काकू चिंगीला नेमक्या सातलाच आणत होत्या.

ही कुत्री उचलून न्या, असा अर्ज द्यायचा काकांचा विचार होता. मी त्यांना थांबवलं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, आणि 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून, हेच तत्त्व धरलं. पण मला खरं पटवायचं होतं ते वेगळं. हे तिघे तिथेच राहतात, हीच आपली सोय आहे. ज्यांची हद्द, वेळ आणि स्वभाव माहीत आहे अशी तीन कुत्री, रोज नव्या येणाऱ्या कुत्र्यांपेक्षा केव्हाही बरी. त्याच नियमांत खायला घालायची जागा रहिवाशांनी येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर ठरवावी असंही आहे. त्या मुलीशी बोलले. ती लगेच तयार झाली. तिनं ताटल्या मागच्या बंद बोळात नेल्या, आणि काकूंची वेळ पावणेसहा झाली. पहिल्याच आठवड्यात निम्मी लढाई या दोन बदलांनी मिटली, चिंगीला एक अक्षर न शिकवता.

दुसरा, कोपऱ्यावरच्या बंगल्यातला जर्मन शेफर्ड. फाटकाच्या गजांमागून तो जे तांडव करतो त्यात अर्धी चीड फाटकावरचीच असते. जायला मिळत नाही म्हणून आवाज वाढतो. याच्यासमोरून जायचं शिकवायलाच नको, असं मी ठरवलं. शेजारच्या गल्लीनं गेलं तर शंभर पावलं जास्त पडतात, बस. प्रत्येक भीतीला समोरून भिडलंच पाहिजे हा हट्ट माणसाचा असतो, कुत्र्याचा नाही.

तिसरा तो लॅब. त्याच्याबद्दल पुढे.

आणि चौथा, जो काकूंच्या यादीत नव्हताच. रविवारी काका चिंगीला म्हातोबाच्या टेकडीवर न्यायचे. तिथे एक मुलगा कारवान घेऊन यायचा. कारवान हा आपल्या महाराष्ट्राचा शिकारी कुत्रा, सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्पिढ्या पोसलेला, सडपातळ, लांब पायांचा. तो भुंकत नाही, म्हणून काकांना तो "सभ्य" वाटायचा. मी एकदा बरोबर गेले तेव्हा तो पन्नास पावलांवर उभा होता. मान खाली, नजर चिंगीवर खिळलेली, एक पुढचा पाय उचललेला, अंगाची हालचाल शून्य. माझ्या पोटात गोळा आला. भुंकणारा कुत्रा बहुधा अंतर मागत असतो. गप्प राहून टक लावणाऱ्या कुत्र्याला अंतर कमी करायचं असतं. एरवी कुत्र्याला समोरचं कितीही छोटं कुत्रं कुत्रंच वाटतं, पण पांढरं, केसाळ, केकाटत पळणारं काहीतरी दिसलं की शिकारी जातीच्या कुत्र्याचं डोकं क्षणात दुसऱ्या रुळावर जाऊ शकतं. त्यात त्या कुत्र्याचा दोष नाही. आम्ही झुडपामागून वळून आलो, धावलो नाही. मुलाला सांगितल्यावर त्यानं लांब दोरी वापरायला सुरुवात केली, आणि काकांनी रविवारची जागा बदलली.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. मोठ्या कुत्र्यानं छोट्याला तोंडात धरून हलवलं, तर बाहेरून कधी कधी फक्त एक-दोन दातांची छिद्रं दिसतात. आत कातडी स्नायूंपासून सुटलेली असते, बरगडी मोडलेली असू शकते, फुप्फुसाला मार असू शकतो. कुत्रं घरी येऊन पाणीही पितं आणि रात्री कोसळतं. असं काही झालं तर "वरवरचं आहे" म्हणून सकाळची वाट बघू नका. केस बाजूला करून प्रत्येक छिद्र पशुवैद्याला दाखवा, त्याच वेळी.

काय केलं

गळ्यातला पट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता उरला. ओढ घ्यायला छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस, आणि दोन मीटरची साधी सुती लीश. चकरीची, लांबत जाणारी लीश घरात होती, ती मी काढायला लावली. चिंगी त्या दोरीच्या टोकाला पाच मीटरवर असताना काकूंना तिच्यापर्यंत पोचताच आलं नसतं. वेढे बंद. लीशचा फास अंगठ्यात, मधला भाग दुसऱ्या हातात सैल, इतका सैल की त्याला झोळ पडला पाहिजे. हे ऐकायला सोपं आहे, पण काकूंच्या मनगटात वर्षभराची भीती मुरली होती. आम्ही घरातच, चिंगीशिवाय, लीशच्या टोकाला पाण्याचा तांब्या बांधून चार दिवस सराव केला. तांब्या कलंडला नाही पाहिजे. चौथ्या दिवशी काकू हॉलभर फिरल्या आणि थेंब सांडला नाही.

मग खाऊ. घर शाकाहारी, म्हणून पनीर. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे, जास्तीत जास्त तीस, आणि तेवढं संध्याकाळच्या जेवणातून वजा. खाऊच्या डब्यात मला बेदाणेही दिसले, पूजेच्या प्रसादातले. ते मी तिथल्या तिथे बाहेर काढले. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, किती खाल्ल्यावर ते आधी सांगता येत नाही.

आता मुख्य काम. चिंगी किती अंतरावर पनीर खाऊ शकते, हे मोजायचं. घाबरलेलं जनावर खात नाही, त्यामुळे खाणं हेच आमचं थर्मामीटर. चौकातल्या तिघांपासून पंचवीस पावलांवर ती कुत्र्यांकडे बघायची, मग काकूंकडे वळून अलगद खायची. अठरा पावलांवर खायची, पण बोटाला दात लावत, हिसकावून. बारा पावलांवर पनीर नाकाशी नेलं तरी दिसत नव्हतं. म्हणून पंचवीसवर सुरुवात.

क्रम एकच: आधी कुत्रा दिसला पाहिजे, मग पनीर. कुत्रा दिसतोय तोवर एकेक तुकडा, कुत्रा नजरेआड झाला की पनीर बंद. काकू पहिल्यांदा उलटं करत होत्या. कुत्रा येताना दिसला की चिंगीचं लक्ष जाऊ नये म्हणून आधीच पनीर पुढे. त्यानं चार दिवसांत पनीरच बदनाम झालं, डबा उघडला की चिंगी घाबरून इकडेतिकडे बघायला लागली. क्रम सुलटा केल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी मी ज्याची वाट बघत होते ते झालं. काळा कुत्रा दिसला, चिंगीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि भुंकायच्या ऐवजी झटकन मान वळवून काकूंकडे पाहिलं. दिसला की तो! माझा तुकडा कुठे? काकूंनी आनंदानं अर्धा डबा तिथेच रिकामा केला. मी काही बोलले नाही.

याबरोबर दोन शब्द घरात शिकवले. "मागे फिर" म्हटलं की वळून काकूंबरोबर उलट चालायचं. आणि "वर".

"वर"बद्दल सविस्तर, कारण छोटा कुत्रा उचलावा की नाही यावर लोक भांडतात. उचलूच नका म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तुमच्या हातात सहा किलोचा जीव आहे आणि समोरून मोकळा कुत्रा धावत येतोय, तर उचलण्याचा हक्क तुम्हाला आहे. चूक उचलण्यात नव्हती, उचलण्याच्या रीतीत होती. काकू तिला काखेत धरून झटक्यानं छातीपर्यंत न्यायच्या, मागचे पाय लोंबकळत, आणि समोरच्या कुत्र्याकडे तोंड करून किंचाळायच्या. खालून वर जाणारी, पाय हलवणारी, ओरडणारी गोष्ट बघून कुठलाही कुत्रा उडी मारणारच. आता रीत अशी: "वर" म्हणायचं, चिंगी वळून काकूंच्या पायाशी येते, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. तिला बगलेत, अंगाच्या बाजूला धरायचं आणि कुत्र्याकडे पाठ न फिरवता, पण त्याच्या डोळ्यांत न बघता, तिरकं चालत राहायचं. थांबायचं नाही, धावायचं नाही. जवळ भिंत किंवा उभी गाडी असेल तर ती मध्ये घ्यायची. आपल्या गल्ल्यांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. एरवी मला त्यांचा त्रास होतो, पण छोट्या कुत्र्यासाठी त्यासारखा आडोसा नाही. दिवसातून दहादा हे घरात खेळ म्हणून केलं, मागे कुठलाच कुत्रा नसताना, म्हणजे "वर" हा संकटाचा शब्द राहिला नाही.

पाऊस सुरू झाल्यावर छत्रीही कामाला आली. धावत येणाऱ्या कुत्र्यासमोर छत्री फट्कन उघडली की त्याच्यापुढे एकदम भिंत उभी राहते. पण तो आवाज चिंगीच्या सवयीचा नसेल तर आधी तीच उधळेल, म्हणून आठवडाभर हॉलमध्ये छत्री उघड-मीट आणि पनीर. काका काठी न्या म्हणत होते. मी नको म्हटलं. काठी उगारली की चौकातले तिघे ते लक्षात ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी काठी नसते. त्यापेक्षा खिशात मूठभर पोळीचे तुकडे ठेवावेत आणि अंगावर येणाऱ्याच्या पुढ्यात जमिनीवर विखरावेत. तो नाक खाली घालतो आणि तुम्हाला आठ-दहा सेकंद मिळतात.

माझी चूक

पाचव्या आठवड्यात चिंगी चौदा पावलांवर शांत राहत होती आणि मला लॅबकडे वळायची घाई झाली. लॅबच्या मालकांशी बोलणं चांगलं झालं होतं. ज्या वाक्याचा काकूंना राग होता, त्याच्यावरच मी बोलले: "तुमचा कुत्रा काही करत नाही हे मला मान्य आहे, पण हिला ते माहीत नाही." त्यांना ते पटलं. लॅब पट्ट्यात, मी चिंगीबरोबर, एकाच दिशेनं समांतर चालायचं असं ठरलं. पण मी दिवस चुकीचा निवडला. त्या सकाळी सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता, मागे घेतानाचा भोंगा सतत वाजत होता, आणि जिन्यात नुकतीच एका मुलाची सायकल चिंगीच्या बाजूला पडली होती. तिनं पनीर दात लावत घेतलं होतं, ते मी पाहिलंही होतं. तरी म्हटलं, एवढं ठरवून सगळे आलेत. नऊ पावलांवर ती फुटली. भुंकली, खोकली, लॅब ओढ घेऊन पुढे आला आणि तिनं हार्नेसमध्ये गिरकी घेतली.

एकेका गोष्टीनं भीती थोडी थोडी चढत जाते. टँकर, सायकल, लोक, मग लॅब. शेवटच्या थेंबाला आपण कारण म्हणतो, पण भांडं आधीच भरलेलं असतं. मला ते वाचता येत होतं आणि मी माणसांच्या सोयीसाठी दुर्लक्ष केलं, याचं मला वाईट वाटलं आणि मी काका-काकूंना तसं सांगितलं. दोन दिवस तिला खालीच नेलं नाही. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवून हुंगायला दिले, गच्चीवर नेलं, झोपू दिलं. मग परत पंचवीस पावलं. त्या वेळी मात्र आठच दिवसांत ती चौदावर आली.

लॅबशी पुन्हा सुरुवात केली ती मोकळ्या मैदानावर, तीस पावलांच्या अंतरानं. समोरासमोर नाही. कुत्री आपापसात ओळख करायला सरळ रेषेत चालून जात नाहीत, वळसा घेतात. आपण त्यांना फुटपाथवर नाकासमोर आणतो आणि मग त्यांनी सभ्य वागावं म्हणतो. दोघं एकाच दिशेनं चालली, मग लॅब पुढे आणि चिंगी त्याच्या मागून, त्यानं हुंगलेल्या जागा हुंगत. मोठ्या कुत्र्याची पाठ हा छोट्या कुत्र्यासाठी सर्वांत सोपा धडा असतो.

सध्या

चौदा आठवड्यांनंतर चिंगीचं वजन 6.7 किलो आहे आणि खोकला महिनाभरात ऐकलेला नाही. लॅब आणि ती सहा पावलांच्या अंतरानं चालतात. त्यांनी खेळावं, मैत्री करावी असं कोणी म्हणत नाही, आणि मीही म्हणत नाही. लॅब पावणेसात वाजता उतरतो, तोवर चिंगी परत आलेली असते. शेफर्डची गल्ली अजून टाळतो. अचानक कोपऱ्यावरून कुत्रा आला तर ती अजूनही भुंकते, पण "मागे फिर" म्हटल्यावर वळते. काकूंना इंजेक्शनं पूर्ण झाली. घरच्या ग्रुपवरून मुलीनं जुने व्हिडिओ काढून टाकले आहेत.

परवा मी त्यांच्याबरोबर शेवटची ठरलेली फेरी केली. चौकातले तिघे औषधाच्या दुकानाच्या पायरीवर झोपले होते. आम्ही रस्त्याच्या पलीकडून, विजेच्या पेटीच्या बाजूनं जात होतो. काळ्यानं डोकं वर केलं, चिंगीकडे पाहिलं, जांभई दिली आणि मान परत पंजांवर टेकवली. चिंगी थांबली. तोंड उघडंच होतं. मग ती पेटीपाशी गेली, जिथे ते तिघे रोज पाय वर करतात, आणि हुंगायला लागली. खालचा कोपरा, मग थोडं वर, मग परत खालचा कोपरा, नाकपुड्या सारख्या हलत होत्या. चांगली दोन मिनिटं गेली. दुधवाला थांबून बघून गेला. काकू हलल्या नाहीत, घाई केली नाही, त्यांच्या हातातल्या लीशला छान झोळ पडला होता. सगळं वाचून झाल्यावर चिंगी वळली, तिथेच बसून दोन थेंब सोडले, आणि मागच्या पायांनी माती उडवून घराकडे निघाली.